आठवणी संपतात तिथून पुढे

"मामू, बारा मेला आमच्या मुलींसमोर तुम्ही बोलायचं," भाचीनं फोनवर परस्पर ठरवूनच टाकलं. ती पश्चिम उपनगरातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्युटर आहे. बारा मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. जगभर तो परिचारिका दिन म्हणून पाळतात. मी म्हटलं, "अगं, मी कविता लिहिणारा माणूस. मला थर्मामीटरसुद्धा धड वाचता येत नाही." तर म्हणाली, "डॉक्टरांची भाषणं मुली वर्षभर ऐकतात. तुम्ही रमाबाई रानड्यांवर बोला. आपल्याकडे हे दार उघडणाऱ्यांत त्या आहेत, आणि आमच्या मुलींना त्यांचं नाव फक्त मालिकेमुळे ठाऊक आहे."

खरं सांगायचं तर माझंही तेच होतं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं म्हणून 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे रमाबाईंचं पुस्तक वाचलेलं होतं. पुढे 2012 साली 'उंच माझा झोका' ही मालिका लागली तेव्हा आमच्या अंधेरीच्या इमारतीत शेजारच्या काकूंपासून माझ्या बायकोपर्यंत सगळ्या जणी तिच्या वेळेला घरात असत. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक, 1873 साली वयाच्या अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांची बायको होऊन आलेली. नवऱ्यानं रात्री पाटी-पेन्सिल हातात द्यायची आणि दिवसा घरातल्या बायकांनी त्यावरून टोमणे मारायचे. ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे.

भाषणाच्या निमित्तानं ते पुस्तक पुन्हा काढलं आणि एक गोष्ट लक्षात आली. विद्यार्थी असताना ती सुटली होती. पुस्तक प्रसिद्ध झालं 1910 साली, पण आठवणी थांबतात 1901च्या जानेवारीत, रानडे गेले तिथं. लेखिकेच्या लेखी 'आमचं आयुष्य' तिथं संपलं. प्रत्यक्षात त्या पुढे तेवीस वर्षं जगल्या आणि आपण ज्याला त्यांचं कार्य म्हणतो, त्यातलं बहुतेक त्या तेवीस वर्षांतलं आहे. त्याबद्दल त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. नवऱ्याच्या आठवणी लिहिणारी बाई म्हणून त्या घराघरांत पोहोचल्या, आणि शेकडो बायकांना पोटापाण्याला लावणारी बाई त्या प्रसिद्धीच्या मागे राहून गेली. 1962 साली जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. तरीही नाव निघालं की आपल्याला पाटी-पेन्सिलच आठवते.

हे तेवीस वर्षांचं काम समजून घ्यायचं तर त्या वेळी 'नर्स' म्हणजे काय समजलं जाई ते आधी पाहायला हवं.

घरातल्या आजाऱ्याची सेवा बायका पूर्वीपासून करतच आल्या आहेत. तिला आपण शुश्रूषा म्हणतो, पुण्य म्हणतो. तीच सेवा घराबाहेर, पगार घेऊन, अनोळखी माणसाची केली की तिचं नाव बदलतं. मल-मूत्र, रक्त, पू यांना हात लावायचा, म्हणजे विटाळ. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, म्हणजे बेअब्रू. रात्री घराबाहेर राहायचं, मग तर विचारूच नका. बाळंतपणं करणाऱ्या सुइणींना आपण गावकुसाच्या कडेला ठेवलं होतं, आणि रुग्णालयातल्या परिचारिका म्हणजे गोऱ्या, अँग्लो-इंडियन नाहीतर ख्रिस्ती बायका, असं समीकरण होतं. मुंबईत 1891 साली बाई काशीबाई गणपत ही पहिली भारतीय स्त्री नर्सिंगच्या शिक्षणासाठी दाखल झाली, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासात सापडते. तिची जात, तिचं घर, तिला कोण काय बोललं, यातलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. आपल्या हाती एवढं नावच आहे.

मग 1896-97चा प्लेग आला. मुंबई आणि पुणे उजाड झालं. विलायतेहून नर्सेस मागवाव्या लागल्या. याच प्लेगमध्ये हडपसरच्या माळावर, मुलाच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका म्हणतो ते योग्यच आहे, पण त्यांचा शेवट एका परिचारिकेचा आहे. शाळेत आपल्याला हे शेवटच्या ओळीत उरकून सांगितलेलं असतं.

आता मुंबईतल्या दोन माणसांकडे येतो. एक बेहरामजी मलबारी. पारशी पत्रकार आणि गुजरातीतले कवी, म्हणजे माझ्याच बिरादरीतले. बालविवाहाविरुद्ध आणि विधवांच्या बाजूनं त्यांनी असा काही आवाज उठवला की 1891च्या संमतिवयाच्या कायद्यामागे त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. दुसरे दयाराम गिदुमल, सिंधी न्यायाधीश. या गिदुमलांनी मलबारींचं छोटं इंग्रजी चरित्र लिहिलं. 1892 साली लंडनमध्ये ते छापलं गेलं तेव्हा त्याला प्रस्तावना कोणाची होती? फ्लॉरेन्स नाइटिंगेलची. क्रिमियाच्या युद्धात हातात दिवा घेऊन फिरणारी आणि 1860 साली लंडनला परिचारिकांची शाळा काढणारी ती हीच बाई. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या सैनिकांच्या आरोग्यापासून खेड्यातल्या सांडपाण्यापर्यंत तिनं कागदांचे ढीग लिहून काढले. त्या पत्रव्यवहाराच्या जाळ्यात आपले मलबारीही होते.

याच मलबारी आणि गिदुमल यांनी 1908 साली मुंबईत सेवासदन काढलं. गावदेवीला ती संस्था आजही आहे. जात-धर्म न पाहता बायकांना आधार द्यायचा, त्यांना परिचर्येचं आणि इतर कामांचं शिक्षण द्यायचं, असा विचार होता. विचार दोघा पुरुषांचा. पण बायकांनी त्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून दोघे रमाबाईंकडे गेले. एक पारशी, एक सिंधी आणि एक चित्पावन विधवा. मुंबई शहर चांगल्या दिवसांत कसं चालतं, याचं हे मला आवडणारं चित्र आहे.

रमाबाई तोवर पंचेचाळिशीच्या होत्या. रानडे गेल्यावर वर्षभर त्या पुण्याच्या वाड्याबाहेर फारशा पडल्या नाहीत. मग हळूहळू तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, रुग्णालयात फळं-फुलं-पुस्तकं घेऊन जाऊ लागल्या. 1904 साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. 1909 साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेही आपल्याच वाड्यात. लक्ष्मी रोडवरची सेवासदनची इमारत पुणेकरांना सांगायला नको. शिवणकाम, प्राथमिक वर्ग, शिक्षिकांचं ट्रेनिंग, आणि त्याबरोबर ससून रुग्णालयात नर्सिंग आणि सुइणीचं शिक्षण घेणाऱ्या बायकांची सोय.

वर्ग काढणं सोपं होतं. त्यात बसणाऱ्या बायका मिळवणं कठीण होतं.

कोण येणार होतं? ज्यांच्या घरात नवरा आहे त्यांना कोणी पाठवणार नाही, आणि कुमारिका तर लहान वयातच लग्न करून गेलेल्या. उरल्या विधवा. त्यांतही तरुण विधवा म्हणजे घरातली बिनपगारी मोलकरीण. तिला सोडायला घर राजी नसे, आणि सोडलं तर 'बाहेर काय करते' या भीतीनं झोपत नसे. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढून अर्धी लढाई लढली होती. शिकलेली विधवा मास्तरीण होऊ शकते हे लोकांना कसंबसं पचलं होतं. पण मास्तरीण मुलींच्या शाळेत दिवसा जाते आणि संध्याकाळी परत येते. नर्सचं तसं नाही.

इथे रमाबाईंच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांच्यासमोर दुसऱ्या एका रमाबाईंचा, पंडिता रमाबाईंचा, अनुभव होता. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन काढलं, ते पुढे पुण्याला हलवलं. तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला आणि 1893 साली सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. पंडिता रमाबाई मोठ्या आणि निर्भय, पण घरांनी मुली काढून नेल्या. हे सारं रमाबाई रानड्यांनी घरात बसून पाहिलं होतं. संस्था विश्वासावर चालते आणि विश्वास एका दिवसात उडतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यामुळे त्यांनी रूढींशी समोरासमोर भांडण काढलं नाही. स्वतः विधवेच्या मर्यादा पाळल्या. न्यायमूर्तींची पत्नी म्हणून जो मान होता तो पुरेपूर वापरला. आई-बापांना, सासू-दिरांना भेटायचं आणि सांगायचं की तुमची मुलगी माझ्या देखरेखीखाली आहे.

आजच्या काही अभ्यासकांना हे बोटचेपं वाटतं. मलाही तरुणपणी वाटलं असतं. आता वाटत नाही. कारण ज्या घराचं दार आतून बंद आहे, त्याला बाहेरून लाथ मारली तर आतली मुलगी आणखी आत ढकलली जाते, हे मी माझ्या घरात पाहिलंय. ते सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं पुस्तकी होईल.

आम्ही मूळचे खेड तालुक्यातले, कोकणी मुसलमान. अब्बा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो. आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. 1983 साली ती बारावी झाली आणि तिनं गुपचूप एका मोठ्या रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलचा फॉर्म भरला. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा घरात बॉम्ब पडल्यासारखं झालं. अम्मी रडायला लागली. अब्बा मात्र चिडले नाहीत. ते म्हणाले, "दोन दिवस विचार करू." आमच्या अब्बांचं तसं होतं. त्यांना कोणी शिकलेलं वाईट वाटत नसे. चाळीतल्या एका ख्रिस्ती शेजाऱ्यांची मुलगी नर्स होती आणि अब्बांना तिचं कौतुक होतं.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा, नुकतीच मिसरूड फुटायला लागलेली. मित्रांनी चिडवलं की तुझी बहीण आता नाईट मारणार. त्या रात्री जेवताना मी अब्बांना सांगितलं की, त्या इस्पितळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी नर्सिंगच्या मुलींना वॉर्डबॉयबरोबर हसताना पाहिलंय. पाहिलं होतं हे खोटं नव्हतं. चार मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभ्या होत्या, चहा पीत होत्या, कुणीतरी काहीतरी बोललं आणि त्या हसल्या. एवढाच माझा पुरावा. अब्बांनी घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते पत्र फळीवरून नाहीसं झालं होतं. आपा एक शब्द बोलली नाही. तीन वर्षांनी तिचं लग्न झालं.

1999 साली अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एका सार्वजनिक रुग्णालयात ते बावीस दिवस होते. वॉर्डात चाळीसच्या आसपास रोगी आणि पाळीला एक, फार तर दोन सिस्टर. बाकी धावपळ शिकाऊ मुलींची. नर्सिंग म्हणजे नेमकं काय, हे मी त्या बावीस दिवसांत पाहिलं.

आपल्याला वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन. इंजेक्शन हा त्यातला सगळ्यात थोडा वेळ घेणारा भाग आहे. अर्धांगवायूचा रोगी स्वतः कूस बदलू शकत नाही. एकाच बाजूला पडून राहिला की हाडाच्या जागी, म्हणजे कंबरेखाली, टाचेला, खांद्याला, कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि जखम होते. ती जखम हाडापर्यंत जाते आणि कित्येकदा झटक्यापेक्षा तीच जीव घेते. त्यावरचा उपाय कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. दर दोन तासांनी रोग्याला वळवायचं. दिवसाही आणि रात्रीही. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, कारण सुरकुतीनं कातडी सोलते. म्हणून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मुलींना खाट घालायला शिकवतात. चादरीचा कोपरा लिफाफ्यासारखा दुमडून गादीखाली ताणून बसवायचा. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटतं की, बारावी शिकलेल्या मुलीला खाट घालायला काय शिकवायचं? त्यामागे शरीरशास्त्र आहे. तोंड साफ करायचं, कारण न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात जंतू साठतात आणि ते छातीत उतरतात. लघवीची नळी, तिचा मार्ग, आत गेलेलं पाणी, बाहेर पडलेलं पाणी, सगळ्याची नोंद. डॉक्टर दिवसातून दोनदा येतो. रोगी बिघडतोय हे पहिल्यांदा ज्याला दिसतं ते माणूस म्हणजे नर्स. ते तिला दिसायला हवं, म्हणून शिकवावं लागतं.

एक कोवळी शिकाऊ मुलगी, विदर्भाकडची असावी, अब्बांचं अंग पुसायची. परक्या माणसाचं. अब्बांच्या मनात तेव्हा काय येत होतं मला माहीत नाही, त्यांची वाचा गेलेली होती. आपा रोज दुपारी यायची, उशाशी उभी राहायची आणि त्या मुलीच्या हातांकडे बघत राहायची. चौथ्या दिवशी चादर आपानं बदलली. कोपरा तसाच दुमडला. त्या मुलीनं विचारलं, "ताई, तुम्ही ट्रेनिंग केलंय का?" आपा "नाही" म्हणाली. मी तिथंच उभा होतो.

अब्बा गेले ते न्यूमोनियानं. पाठीला जखम मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

परत रमाबाईंकडे येतो. मुलींना दाखल करून घेतल्यावर त्यांचं काम संपत नव्हतं. शिकाऊ नर्सला दोन धनी असतात, एक शाळा आणि एक वॉर्ड. शाळेला ती विद्यार्थिनी हवी असते, वॉर्डाला ती फुकटचे हात म्हणून हवी असते. ही ओढाताण नाइटिंगेलच्या शाळेतही होती आणि आजही आहे. भाची म्हणते की, ट्युटरचं अर्धं काम शिकवणं आणि अर्धं काम मुलींना वॉर्डातून सोडवून वर्गात आणणं. त्यासाठी मुलींच्या मागे उभं राहणारं कोणीतरी रुग्णालयाबाहेरचं लागतं. सेवासदननं ती जागा घेतली. राहायचं ठिकाण संस्थेचं, देखरेख संस्थेची, त्यामुळे मुलगी एकटी नाही. स्त्री-शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण वर्ग मोजतो. माझ्या मते वसतिगृहं मोजायला हवीत.

आणि रमाबाई मुलींना घेऊन रुग्णालयाबाहेरही पडल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन जायच्या आणि वारीतल्या बायकांची सेवा करायच्या. मला यात त्यांची सगळी हुशारी दिसते. ज्या हातांना लोक विटाळ म्हणत होते, तेच हात त्यांनी वारकरी बाईच्या कपाळावर ठेवायला लावले. आता नावं ठेवणार कशी? 1913 साली गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला तेव्हा तिथंही मदतकार्य उभारायला त्या गेल्या. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठीही झगडल्या. 1924 साली त्या गेल्या तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजारावर बायका शिकत होत्या.

हे सगळं किती कोरड्या जमिनीत चाललं होतं, त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, 1946 साली, भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा जो अहवाल दिला त्यात अखंड हिंदुस्थानात डॉक्टर सुमारे 47,500 आणि परिचारिका सुमारे 7,000 अशी नोंद आहे. म्हणजे 43,000 माणसांमागे एक नर्स. डॉक्टरांपेक्षा नर्सेस कमी! विद्वत्तेला आपण तयार होतो, अंग पुसायला नव्हतो. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आपल्या मुंबईत 1964 साली एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज निघालं. एसएनडीटी म्हणजे कर्व्यांचं विद्यापीठ. विधवांच्या आश्रमापासून नर्सिंगच्या पदवीपर्यंतचा तो रस्ता एकाच घराण्यातला आहे, असं म्हणायला हरकत नाही. 1973 पासून केंद्र सरकार उत्तम परिचारिकांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार देतं. राष्ट्रपती भवनातला तो फोटो पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात असतो. रमाबाईंच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार असायला हवा होता, असं मला वाटून जातं.

आणि जमीन अजून पुरती ओली झालेली नाही. नियम सांगतो की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रोग्यांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. अब्बांच्या वॉर्डातला हिशेब मी वर सांगितलाच. उपनगरांतली आपली रुग्णालयं कितीतरी वर्षं केरळच्या सिस्टरांच्या जिवावर चालली. मराठी घरं 'आमच्यात नाही चालत' म्हणत राहिली. आमच्या मुसलमान घरांचं तर विचारूच नका.

2008 साली भाचीनं तोच फॉर्म भरला तेव्हा आपाच्या सासरी तोच गोंधळ झाला. या वेळी आपा गप्प बसली नाही. तिनं सासूला हजरत रुफैदांची गोष्ट सांगितली. मदिनेच्या अन्सारांपैकी अस्लम कबिल्यातली ही बाई. वडिलांकडून वैद्यकी शिकली. पैगंबरसाहेबांच्या मशिदीत तिचा तंबू होता आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना त्याच तंबूत नेण्यात आलं होतं. आपा सासूला म्हणाली, "अम्मीजान, नर्सचा तंबू मशिदीत चालतो, मग आपल्या घरात का चालत नाही?" सासूबाईंनी बराच वेळ तसबीह ओढली आणि मग फीचे पैसे किती, ते विचारलं. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला आळंदीच्या यात्रेतल्या रमाबाई आठवल्या. दोघींची रीत एकच. श्रद्धेच्या दारातूनच आत शिरायचं.

भाची जी.एन.एम. झाली, पुढे पदवी, मग एम.एस्सी. 2020 साली गोरेगावला नेस्को मैदानात आणि मुलुंडला जम्बो कोविड केंद्रं उभी राहिली, त्यांपैकी एकात ती होती. चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन घरी यायची आणि दारातच आंघोळीला पळायची. ज्या चाळीनं, ज्या सोसायट्यांनी थाळ्या वाजवल्या, त्यांतल्याच काहींनी नर्सेसना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्याचंही आपण पेपरात वाचलं. विटाळ शब्द गेला, त्या जागी 'इन्फेक्शन' आला.

तर बारा मेचं भाषण. हॉलमध्ये दीडशे मुली, काही मुलगेही. हातात मेणबत्त्या, नाइटिंगेलच्या नावाची शपथ. ती शपथ नाइटिंगेलनं लिहिलेली नाही, 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत ती तयार झाली. हे सांगितलं तेव्हा मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मी रमाबाईंबद्दल बोललो. वाड्याबद्दल, ससूनबद्दल, विधवांबद्दल. मग, ठरवलं नव्हतं, पण चहाच्या टपरीबद्दलही बोललो. कोणाची बहीण ते सांगितलं नाही. आपा शेवटच्या रांगेत बसली होती, लेकीच्या शाळेचा कार्यक्रम म्हणून आलेली.

नंतर खाली कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं समोसा खात उभे होतो. शेजारच्या टेबलाभोवती पाच-सहा मुली चहा पीत होत्या आणि कशावरून तरी मोठमोठ्यानं हसत होत्या. आपा त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अब्बा नाहीच म्हणाले असते. तू सांगितलं नसतंस तरी."

मी काही बोललो नाही.

"पण तू सांगायला नको होतंस," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला रिकामा कप घेऊन आणखी चहा आणायला गेली.